मंडपाकडे पाठ

चेंडू हात मारत नाहीत, चेंडू जमीन मारते. टाचेतून निघालेला जोर गुडघ्यातून मांडीत चढतो, मांडीतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात, आणि हातांचं काम तो बॅटपर्यंत पोहोचवण्यापुरतं. माणूस उभा राहतो तो पृथ्वीच्या आधारावर, आणि मारतो तेही तिच्याच आधारावर.

हे आम्हाला शिकवणारे सर मूळचे कबड्डीचे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजात बेसबॉल आला, तेव्हा कोणातरी एकाला पंजाबातल्या शिबिराला पाठवणं भाग होतं, आणि त्या महिन्यात मोकळे फक्त तेच होते. नियमाप्रमाणे मुलींचा खेळ सॉफ्टबॉल: चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान, फेक खांद्याखालून. पण सर, कॉलेज आणि आमची गल्ली त्याला बेसबॉलच म्हणत असत, आणि बॅट फिरवायची रीत दोन्हीकडे सारखीच. सर शिबिराहून आले ते एक अ‍ॅल्युमिनियमची बॅट, एक शिट्टी आणि वरचं ते पृथ्वीचं वाक्य घेऊन. स्वतः त्यांनी मारलेला चेंडू क्वचितच पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, पलीकडे जाई. पण वाक्य खरं होतं, हे मला माझ्या अंगाने पटलेलं आहे.

"हाथ को भूल जाओ," ते म्हणत. "हाथ तो बाराती हैं. शादी कमर की है."

मग दाखवत. अंगाचा भार आधी मागच्या पायावर घ्यायचा, जिना चढण्याआधी घेतो तसा. पुढचा पाय छोटंसं पाऊल टाकून रोवायचा. तो रोवला गेला की मागचा गुडघा आत वळतो, टाच उचलली जाते, चवडा विडीचं थोटूक विझवल्यासारखा जागच्या जागी फिरतो आणि कंबर पिचरकडे वळते. हात या सगळ्याच्या शेवटी. पुढचा पाय म्हणजे चौकट आणि कंबर म्हणजे दार, हे माझं मी ठरवलेलं. चौकट हलली तर दार आपटत नाही. आणि दार आधीच उघडं असेल तर आपटायला काही उरतच नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा. माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

आम्ही काशीत, शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. वडील याज्ञिक, त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे काका, शास्त्री. घरात मराठी होती, पण तिला इथलं पाणी लागलेलं. आई "जल्दी आवर, पूजेला देर होतेय" असं म्हणायची आणि त्यात तिला काही खटकत नसे. बॅट घरी आणायची परवानगी नव्हती. सरांकडे चांगली बॅट तीच एक, आणि ती रात्री कार्यालयाच्या कपाटात झोपायची. म्हणून मी गच्चीवर वडिलांचा ओला पंचा घेऊन सराव करी. पंचा खोटं बोलत नाही. आधी हात फिरवले तर तो मेल्यासारखा लोंबतो. आधी कंबर फिरली आणि हात मागून आले तर टोकाशी असा फटका वाजतो की समोरच्या गच्चीवरचा माणूस वळून बघतो. पहिल्या आठवड्यात नुसता लोंबला. मग एका सकाळी वाजला. त्यानंतर आमच्या गच्चीवर माकडं यायची बंद झाली.

"तुझ्या बेसबॉलाने एवढं तरी भलं केलं," आई पापड वाळत घालताना म्हणाली.

वडिलांना पंचा फाटतोय असं वाटे. तो फाटतच होता.

आता माझं त्यात काय अडकलं होतं ते सांगते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विद्यापीठाच्या संघात नाव आलं आणि बाहेरच्या स्पर्धेत खेळलं, तर रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता येत असे. नाही आलं, तर नागपूरहून एक स्थळ आलेलं होतं, आणि त्यांना उत्तर द्यायला घरचे होळीपर्यंत थांबायला तयार होते. मुलगा वाईट नव्हता. त्याचा फोटो मी पाहिला होता, आणि मला त्याच्याविषयी काहीही वाटलं नव्हतं, चांगलं किंवा वाईट. मला फक्त हे माझं मी ठरवायचं होतं. निवड एकाच सामन्यातून व्हायची होती, आमच्याच मैदानावर. विद्यापीठातून निवड करणारे दोन गृहस्थ येणार होते.

एवढंच असतं तर मी खेळले असते आणि निकाल लागला असता. पण सामना म्हटला की उद्घाटन आलं. उद्घाटन म्हटलं की मंडप, मंडप म्हटला की मुख्य अतिथी. आमच्या गावात मुख्य अतिथीशिवाय पाण्याची टाकीसुद्धा भरत नाही.

मुख्य अतिथी म्हणून आमचे काकाच ठरले. यात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. ते पुस्तकांची प्रकाशनं, पतपेढीच्या शाखा, संस्कृत संमेलनं, एकदा तर दंतवैद्याच्या दवाखान्याचंही उद्घाटन करून आले होते. पांढरीशुभ्र दाढी, भगवी शाल आणि खर्जातला आवाज. समोर माइक आला की ते डोळे मिटून बोलत, आणि लोकांना ते चिंतन वाटे.

सामन्याच्या आदल्या दिवशी क्रीडा समितीचे अध्यक्ष मैदान बघायला आले. हे हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी खेळ कुठला खेळला होता ते कोणाला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. मंडप तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या ठाण्याच्या, बाजूला, निंबाच्या सावलीत बांधला होता. अध्यक्षांनी मुख्य अतिथींच्या खुर्चीत बसून पाहिलं. पाठ टेकून पाहिलं, पुढे सरकून पाहिलं. आम्ही सराव करत होतो. एकेक मुलगी येत होती, उभी राहत होती, मारत होती.

"ये क्या है?" ते म्हणाले.

सर धावत गेले. "क्या हुआ, सर?"

"सब लड़कियाँ इधर पीठ करके खड़ी हैं."

ते खरंच होतं. उजव्या हाताने मारणारी खेळाडू उभी राहते तेव्हा तिची पाठ तिसऱ्या बेसकडे असते. ज्या देशात हा खेळ निघाला तिथे या गोष्टीने कोणाच्या मानाला धक्का लागला असेल असं वाटत नाही.

"सर, यह तो खेल का नियम है," आमचे सर म्हणाले.

"नियम खेल का है. संस्कार हमारा है. मुख्य अतिथि बैठे हैं, शास्त्रीजी बैठे हैं, और कन्याएँ उनको पीठ दिखाएँगी?"

मग तोडगे सुरू झाले. मंडप पलीकडे हलवावा, तर तिकडे ऊन, आणि माइकची तार पोहोचत नव्हती. मैदानच फिरवून आखावं, तर त्याला मोठी अडचण निघाली. त्या दिवशी सकाळीच होम प्लेटची, जिच्याजवळ उभं राहून मारायचं तिची, पूजा झाली होती. हळदकुंकू वाहिलं होतं, तिच्यावर नारळ फोडला होता, आणि पूजा झालेली वस्तू हलवता येत नाही. रबराचा एक पांढरा पंचकोनी तुकडा, पण आता तो देवाच्या जागी होता. त्याच्यावर पाय ठेवून धाव पूर्ण करायची की नाही, यावरही थोडी चर्चा झाली. पायातले बूट नवे असतील तर चालेल, असं ठरलं.

राहिल्या आम्ही. आम्हीच हलवता येण्यासारख्या होतो.

"थोड़ा घूमकर खड़ी हों," अध्यक्ष म्हणाले. "आधा मुँह इधर रहे. शोभा भी देगा."

मी सरांकडे बघत होते. मला खात्री होती की ते आता पृथ्वीचं वाक्य म्हणतील. आधीच वळून उभं राहिलं तर कंबर फिरायला जागा राहत नाही, दार अगोदरच सताड उघडं असतं, मग मारायला उरतात फक्त हात. हे त्यांनीच आम्हाला रोज सकाळी, दव पडलेल्या गवतावर, घसा बसेपर्यंत सांगितलं होतं.

"हो जाएगा, सर," ते म्हणाले.

अध्यक्ष गेल्यावर मी विचारलं, "सर, कमर का क्या होगा?"

"कल एक दिन के लिए हाथ से मार लो."

"बाराती से?"

"ज़्यादा बोलो मत."

"सर, बॅट घुमाने के बाद तो मुँह खुद ही मंडप की तरफ आता है. पीठ तो सिर्फ मारने से पहले है." हेही खरं होतं. पूर्ण कंबर वळवली की खेळाडू पिचरकडे तोंड करून येते, आणि मंडप तिच्या डाव्या हाताला, अर्धा समोर राहतो. म्हणजे नीट मारलं तर पाठ कमी वेळ दिसते आणि वाईट मारलं तर जास्त वेळ. अध्यक्षांना हवा होता तो शिष्टाचार आमच्या कमरेतच होता.

सरांनी शिट्टी तोंडात घातली. ज्याला उत्तर नसतं त्याच्याकडे शिट्टी असणं सोयीचं असतं.

दुसऱ्या दिवशी काका बोलले. किती बोलले ते ऊन सांगत होतं. मंडपाची सावली बेसच्या रेषेवरून सरकत निम्म्या मैदानापर्यंत गेली. ते म्हणाले की हा खेळ परदेशी असेल, पण त्याचा अर्थ आपला आहे. चार ठाणी म्हणजे चार पुरुषार्थ. पहिला बेस धर्म, दुसरा अर्थ, तिसरा काम, आणि जिथून निघालो तिथेच परत येणं म्हणजे मोक्ष. टाळ्या पडल्या. काशीत मोक्षावर बोलणाऱ्याला मध्येच थांबवत नाहीत. मधल्या मधे बाद झालेल्या जिवाचं काय होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग सामना सुरू झाला आणि मी सांगितल्याप्रमाणे उभी राहिले. पाय मंडपाकडे उघडे, छाती पिचरकडे, चेहरा अर्धा वळवलेला, लग्नाच्या फोटोत काढतात तसा. चेंडू आला. मी हातांनी मारला. बॅटला लागला आणि टप्पे घेत, अगदी अदबीने, पिचरच्या हातात जाऊन बसला. मी पोहोचायच्या आत तिने तो पहिल्या बेसवर फेकला, आणि मी बाद. माझ्या आधीच्या बाद झाल्या होत्या आणि पुढचीही तशीच झाली. निवड करणाऱ्या दोघांपैकी एकाने पेनला टोपण लावलं आणि घड्याळ पाहिलं.

आमच्यात एकच मुलगी डावखुरी होती. डाव्या हाताने जेवते म्हणून घरात तिने लहानपणापासून बोलणी खाल्लेली. डाव्या हाताने मारणारी उभी राहते ती मंडपाकडे तोंड करून, तेव्हा तिला काही बदलावं लागलं नाही. तिने निवांत भार मागे घेतला, कंबर फिरवली आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या वरून पलीकडे टाकला. त्या दिवशी संपूर्ण संघात सुसंस्कृत अशी ती एकटीच ठरली.

मी बाकावर बसून होते आणि मला राग येत होता. राग अध्यक्षांचा नव्हता. तशी माणसं त्या खुर्च्यांबरोबरच भाड्याने येतात. मला सरांचा येत होता. ज्याला माहीतच नाही त्याने पाय बांधले तर ते एक. ज्याने स्वतः चालायला शिकवलं त्यानेच दोरी आणून दिली, आणि वर 'एक दिवसासाठी' म्हणाला. निवड त्या एकाच दिवशी होती.

माझी दुसरी पाळी आली. मी होम प्लेटजवळ गेले, नारळाचं पाणी वाळून तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या, आणि पाय जसे हवेत तसे ठेवले. पाठ सरळ मंडपाकडे.

"पैर खोलो," सर मागून दबक्या आवाजात म्हणाले. "अरे, पैर खोलो."

मी भार मागच्या पायावर घेतला. मागच्या मांडीत तो ओढ लागल्यासारखा ताण आला, जो गच्चीवर पंचा वाजण्याआधी यायचा. पिचरचा हात खाली गेला. पुढचं पाऊल टाकलं, टाच रोवली. त्यानंतरचं मी केलं असं म्हणता येत नाही. गुडघा वळला, कंबर गेली, हात तिच्यामागून ओढले गेले. हाताला धक्का जाणवलाच नाही. चांगला बसलेला चेंडू हातांना कळतही नाही, हे सरांनी सांगितलं होतं. ते खरं होतं.

चेंडू डावीकडे अडवायला उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावरून कुंपणाच्या भिंतीपर्यंत गेला. मी पळाले. पहिला बेस, दुसरा बेस, आणि तिसऱ्यावर थांबले. तिसरा बेस मंडपाच्या अगदी समोर होता. धापा टाकत मी वर पाहिलं, तर काका समोर, मधल्या खुर्चीत. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवू लागले, आणि किंचित उशिराने काकांनीही वाजवल्या, पिचरकडे तोंड करून. अध्यक्ष वाजवत नव्हते.

माझ्या मागची मुलगी अर्धं तोंड मंडपाकडे करून उभी राहिली आणि बाद झाली. डाव संपला. काकांच्या हिशेबाने मी 'काम' या पुरुषार्थावर अडकले. मोक्ष पुढे होता, पण मला तिथे आणणारं कोणी नव्हतं.

सामन्यानंतर नावं वाचून दाखवली. माझं नव्हतं. डावखुरीचं होतं.

सर सायकल घेऊन फाटकाशी उभे होते. माझी वाट बघत होते, पण तसं दाखवायचं नव्हतं, म्हणून चेन बसवल्यासारखं करत होते.

"दोनों तुमको लेना चाहते थे," ते म्हणाले. "अध्यक्षजी अड़ गए. कहते हैं, जो लड़की शास्त्रीजी का अपमान करे, वह विश्वविद्यालय का नाम क्या रखेगी."

"आपने क्या कहा?"

त्यांनी पॅडलला एक फेरा दिला. "सुनो. शास्त्रीजी तो तुम्हारे घर के हैं. वे एक बार कह दें कि उनको बुरा नहीं लगा, तो बात बन जाएगी. कल लिस्ट जाएगी."

मी त्यांचे आभार मानले नाहीत. आजही मानत नाही.

संध्याकाळी काकांच्या खोलीत गेले. खाली मणिकर्णिका घाटाकडून चितेची लाकडं उतरवल्याचा आवाज येत होता. काका आसनावर बसले होते, मांडीवर पोथी. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं.

"पाठ? कोणाची पाठ?" ते म्हणाले.

"माझी, काका. मी तुमच्याकडे पाठ करून खेळले म्हणून."

"तू खेळलीस? कधी?"

"शेवटी. टाळ्या वाजल्या तेव्हा. तुमच्या समोरच उभी होते की तिसऱ्या बेसवर."

त्यांनी पोथीचं पान उलटलं. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पोथी उलटी नव्हती, तेवढी चूक ते होऊ देत नसत. पण खोलीत दिवा लावलेला नव्हता, आणि वाचण्याइतका उजेड त्या खोलीत केव्हाच राहिला नव्हता.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

"जवळचं थोडं दिसतं. आवाजावरून माणूस कळतो. पायरव ऐकून तू आलीस ते कळलं की नाही?"

"बाबांना माहीत आहे?"

"कोणाला सांगायची गरज काय? पाठ आहे सगळं मला."

"मग उद्या फक्त एवढं सांगा की तुम्हाला वाईट वाटलं नाही. खरंच तर आहे ते."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"बघ पोरी," ते म्हणाले, "वाईट वाटलं नाही म्हटलं की ते विचारणार, का नाही वाटलं? मग मी पाहिलं आणि क्षमा केली असं म्हणायचं? ते असत्य होईल. आणि पाहिलंच नाही म्हटलं, तर दोन महिन्यांनी शास्त्रार्थाची सभा आहे, तिथे परीक्षक म्हणून कोण बसवेल मला? हसतील लोक."

"आत्ता मला संघातून काढलंय, काका."

"खेळ आहे गं तो. पुढच्या वर्षी खेळ."

"पुढच्या वर्षी मी कॉलेजात नसेन."

"बघू. प्रभूची इच्छा." मग त्यांनी चाचपडत बाजूची पिशवी पुढे केली. "हा नारळ घेऊन जा. सत्काराचा आहे. आईला दे."

असत्य त्यांना चालत नव्हतं, आणि सत्यही चालत नव्हतं. शास्त्रार्थात अशा जागेला काय म्हणतात मला माहीत नाही. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. म्हातारपण, अंधार, सभेत बसण्याची भीती, हे सगळं मला आता समजतं, आणि समजूनही राग तिथेच आहे. एक माणूस स्वतःचा अंधार झाकायला माझं दार लावून घेत होता, आणि जी पाठ त्याने पाहिलीच नव्हती तीच त्याचा अपमान ठरली होती. मी नारळ घेतला. आईने त्याची वडी केली. मी खाल्ली नाही, आणि ती का खात नाहीस असं कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी यादी गेली. संघ स्पर्धेला गेला, पहिल्याच फेरीत हरला आणि परत आला. सरांनी स्टेशनवर हार घालून स्वागत केलं. काकांनी शास्त्रार्थाच्या सभेत परीक्षक म्हणून काम पाहिलं, डोळे मिटून, आणि सगळ्यांनी त्यांच्या एकाग्रतेचं कौतुक केलं. त्याच हिवाळ्यात रामनगरजवळच्या एका नेत्रशिबिरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या शिबिराचं उद्घाटन त्यांनीच केलं होतं.

नागपूरला आम्ही 'नाही' असं कळवलं, म्हणजे मी कळवलं आणि घरच्यांना नंतर सांगितलं. रेल्वेत मी लागले, पण खेळाच्या कोट्यातून नाही. लेखी परीक्षा देऊन, साध्या रांगेतून. आमच्या विभागात टेबलं लावली आहेत ती खिडकीच्या हिशेबाने, त्यामुळे दिवसभर माझी पाठ साहेबांच्या खुर्चीकडे असते. आजवर कोणी तक्रार केलेली नाही.